कमानीखालची कबर

केंब्रिजला जाणारे बहुतेक लोक कॉलेजं आणि नदी पाहून परततात. आम्ही मात्र एक दुपार शहराबाहेर काही मैलांवरच्या वॉन्डलबरीच्या टेकडीसाठी राखून ठेवली होती. उंच झाडं, मोकळी कुरणं आणि दोन हजार वर्षांहून जुन्या किल्ल्याचा गोल खंदक. या खंदकाच्या आत एका उमरावाचा वाडा होता. तो विसाव्या शतकात पाडला गेला, पण तबेला अजून उभा आहे. तबेल्याच्या कमानीखाली एक दगड दिसतो. ती एका घोड्याची कबर आहे.

दगडावर ‘गोडॉल्फिन अरेबियन’ हे नाव आणि १७५३ हे मृत्यूचं साल आहे. आमच्यातल्या लहानग्याने लगेच विचारलं, “घोडा अरबी, मग नाव इंग्रजी कसं?”

नाव मालकाचं आहे. हा घोडा १७२४ च्या सुमारास जन्मला. तो येमेनचा होता आणि ट्युनिसमार्गे फ्रान्सला पोचला, असं मानलं जातं. तिथून एडवर्ड कोक यांनी त्याला इंग्लंडला आणलं. कोक वारल्यावर तो लॉर्ड गोडॉल्फिन यांच्याकडे, या तबेल्यात आला. त्या काळी तिथे परदेशी घोडे धन्याच्या नावानेच ओळखले जात. ‘डार्ली अरेबियन’ आणि ‘बायर्ली टर्क’ यांचंही तसंच. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याची पितृपरंपरा या तिघांपैकी एकापाशी जाऊन थांबते.

गोडॉल्फिनची ख्याती त्याच्या संततीमुळे झाली. १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला आणि एकही शर्यत न हरलेला ‘एक्लिप्स’ हा आईकडून त्याचा पणतू, तर वडिलांकडून डार्लीचा खापरपणतू. अमेरिकेत एकवीसपैकी वीस शर्यती जिंकणारा ‘मॅन ओ’ वॉर’ थेट गोडॉल्फिनच्याच पितृवंशातला. शर्यतीवरचा सट्टा आपल्याला वर्ज्य आहे, पण या जनावराच्या रक्ताची कमाल मान्य करावीच लागते.

इंग्रजांनी या घोड्यांच्या वंशावळीचं ‘जनरल स्टड बुक’ १७९० च्या दशकात छापायला सुरुवात केली. आज जगभरातल्या थरोब्रेडची नोंद अशाच वह्यांत असते. आई कोण, बाप कोण, सगळं लिहिलेलं. मागे मागे जात गोडॉल्फिनपाशी आलो, की वही गप्प होते. त्याचे आईबाप त्यात नाहीत. ज्या अरबांनी त्याला वाढवलं, ते घोडीच्या कुळाची नावं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवत. घोडा समुद्रापार गेला. ती नावं सांगणारं माणूस मागेच राहिलं. पुढे ‘किंग ऑफ द विंड’ या अमेरिकन बालकादंबरीने त्याला ‘शाम’ हे नाव आणि एक मुका मोतद्दार दिला. मोतद्दार मुका असावा, हे आम्हाला फार बोलकं वाटलं.

कोकणातून आफ्रिकेला, इंग्लंडला, आखाताकडे गेलेली कुटुंबं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. तिथल्या मुलांना शाळेचं, कंपनीचं, देशाचं नाव मिळतं. पणजीचं नाव मात्र घरातल्या कुणीतरी सांगितलं तरच त्यांना कळतं. ते सांगणारी माणसं अजून घरात आहेत, तोवर विचारून घ्यावं आणि एका वहीत लिहून ठेवावं.