मोटार पळाली, पुढें काय?

पोलीस-ठाण्याची पायरी चढणें हें आपल्यासारख्या घरांतून अद्यापहि अप्रतिष्ठेचें समजलें जातें. चोरी झाली तरी "गेलें तें गेलें" म्हणून आपण स्वस्थ बसतों. चीजवस्तूंच्या बाबतींत हें वैराग्य एक वेळ खपून जाईल. परंतु घरचें माणूस मोटारीखालीं सांपडतें आणि मोटारवाला मागें न पाहतां पळून जातो, तेव्हां हेंच वैराग्य त्या पळणाऱ्याच्या पथ्यावर पडतें.

सन २०२४ च्या श्रावणांत माझा धाकटा बंधु पहाटे दूध आणावयास गेला असतां एका मोटारीनें त्याला धक्का देऊन पाडलें व ती तशीच निघून गेली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईनें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविली, म्हणून तो वेळेवर रुग्णालयांत पोहोंचला. मांडीचें हाड मोडलें होतें. बिचारी बाई मात्र नांव सांगावयास भीत होती. वास्तविक सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं व पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार-वाहन कायद्यानेंहि अशा परोपकाऱ्यास अभय दिलें आहे. आपलें नांव-गांव सांगण्याची सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं.

रात्रीं माजघरांत खल झाला. आमचे चुलते अण्णा म्हणाले, "गाडीचा नंबर कोणीं पाहिला नाहीं, मग फिर्याद करणार कोणावर? उगीच हेलपाटे मात्र पडतील." माझी भावजय एरवीं वडीलधाऱ्यांपुढें शब्द काढीत नाहीं, पण ती म्हणाली, "अण्णा, गाडी अज्ञात असेल, यांचा पाय तर अज्ञात नाहीं ना?" मग कोणीं कांहीं बोललें नाहीं. सकाळीं आम्ही ठाण्यावर गेलों. "आधीं नंबर आणा," असें तेथील अंमलदार म्हणाले; पण अज्ञात चालकाविरुद्धहि फिर्याद नोंदवितां येते, हें शांतपणें सांगितल्यावर त्यांनीं ती नोंदविली. फिर्यादीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

आतां माझ्या जन्माच्या धंद्यांतील गोष्ट सांगतों. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. भाजीवाल्या बाईची भीति गेल्यावर मी त्याच दिवशीं तिच्याजवळ बसून एका कागदावर रकाने आंखले. प्रत्यक्ष काय? मोटार पांढरी, मागचा डावा दिवा बंद, क्रमांकाच्या अखेरीस सात. अनुमान काय? चालक प्यालेला असावा. शब्द, म्हणजे ऐकीव, काय? आळींतील एका तरुणाची पांढरी मोटार आहे, तोच असणार. हा तिसरा रकाना दोन दिवसांत इतका वाढला कीं, त्या मुलाच्या आईला देवळांत जाणें कठीण झालें. पुढें चौकशींत आढळलें कीं, त्याची मोटार त्या सकाळीं परगांवीं होती! पोलिसांस आम्हीं पहिला रकाना तेवढा दिला. दुसरा विचारल्यावर सांगितला. तिसरा फाडून टाकला.

आणखी एक गोष्ट. रक्ताचे कपडे घरांत नकोत म्हणून आत्याबाई ते भिजत घालावयास निघाल्या होत्या. त्यांना थांबवावें लागलें. मोटारीचा रंग, कांचेचा कण कपड्यांस चिकटलेला असतो. तो धुतला कीं पुरावा गेला. रस्त्यावर पडलेले दिव्याचे तुकडेहि पंचनामा होईपर्यंत उचलूं नयेत. दुकानांवरील कॅमेऱ्यांतील चित्रें कांहीं दिवसांनीं आपोआप पुसलीं जातात, म्हणून तीं लवकर ताब्यांत घेण्याविषयीं पोलिसांस लेखी कळवावें.

औषधोपचाराच्या खर्चाची सोय आमच्या वेळीं नव्हती. मे २०२५ पासून मात्र मोटार-अपघातांतील जखमीस नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लक्ष रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळण्याची योजना लागू झाली आहे.

मोटार न सांपडल्यासहि भरपाई आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पूर्वीं ती मृत्यूस २५,००० व गंभीर दुखापतीस १२,५०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून अनुक्रमें दोन लक्ष व पन्नास हजार झाली. हाड मोडणें हें गंभीर दुखापतींत मोडतें. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२४ च्या आदेशाप्रमाणें, महिनाभरांत मोटारीचा पत्ता न लागल्यास ठाण्यानें या योजनेची माहिती जखमीस लेखी द्यावयाची असते. आमच्याकडे तें पत्र आलें नाहीं. मागून घ्यावें लागलें. अपघात ज्या तालुक्यांत घडला, तेथील तहसीलदार अथवा प्रांताधिकारी यांच्याकडे फिर्यादीची प्रत, रुग्णालयाचे कागद, ओळखपत्र व बँकेचें पासबुक जोडून अर्ज करावयाचा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. वकील लावावा लागला नाहीं. अर्ज केल्यानें पुढील दाव्याचा मार्ग बंद होतो, ही अण्णांची शंका मात्र निराधार निघाली: मोटार मागाहून सांपडली व न्यायाधिकरणानें अधिक भरपाई दिली, तर आधीं मिळालेली रक्कम तींतून वळती होते, इतकेंच.