दोन कर्जत आणि एक पक्षी

दोस्तांनो, तुम्ही आमच्या चौकला आला आहात असं समजा. जुना मुंबई-पुणे रस्ता गावाला खेटून जातो. मान वर केलीत की इर्शाळगडाचा सुळका दिसतो आणि त्याच्या माथ्याजवळचं नेढंही. इथल्या फाट्यावरून एक रस्ता कर्जतला जातो. पण महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत, ठाऊक आहे ना? एक हे आपलं रायगडचं आणि दुसरं अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं. आज आपल्याला त्या दुसऱ्या कर्जतला जायचंय. चला तर!

बोरघाट चढलो, पुणं मागे टाकलं आणि भिगवणवरून आत वळलो की बाहेरचा रंगच पालटतो. आपल्या कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर त्या कर्जतला जेमतेम पाचसहाशे. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पलीकडे उरतात ती कोरडी वाऱ्याची झुळूक, खुरटं गवत आणि बाभळी. हे राजस्थानासारखं वाळवंट नव्हे, पण वाळवंटाचं चुलत भावंड नक्कीच!

"इथे काय बघायचं? सगळं उजाड तर आहे!" असं म्हणालात ना? जरा थांबा. ती बघा काळविटांची उडी! हे रेहेकुरीचं अभयारण्य. १९८० साली काळविटांसाठी ते राखलं गेलं. क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे पनवेलजवळच्या आपल्या कर्नाळ्याहूनही कितीतरी लहान. तरीसुद्धा तिथे काळविटं टिकली आणि वाढलीही. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक ही मंडळीसुद्धा अशाच माळावर राहतात. त्यांना घनदाट जंगल नकोच असतं.

आता आणखी पुढे, सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला नान्नजला जाऊ. तिथला पाहुणा म्हणजे माळढोक. उंची सुमारे एक मीटर, आणि मोठ्या नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. एवढा जड पक्षी उडतो, बरं का! मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंडं कुत्र्याने पळवलं किंवा गुरांच्या पायाखाली आलं, की त्या वर्षीचं पिल्लू गेलंच म्हणायचं.

या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं असेल? ८,४९६ चौरस किलोमीटर! आपला अख्खा रायगड जिल्हासुद्धा त्यापेक्षा लहान आहे. मग माळढोक सुखी झाला असेल, नाही का?

नाही ना! नकाशावर रेघ ओढली, पण रेघेच्या आत गावं होती, शेतं होती, बाजार होते. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत लोकांना अडचणी येऊ लागल्या. ज्या शेतकऱ्याच्या रानात माळढोक टोळ आणि किडे वेचायचा, त्यालाच तो पक्षी नकोसा झाला. पक्ष्यासाठी खरोखर राखलेलं गवत मात्र तुकड्यातुकड्यांत होतं. काही तुकड्यांवर तर गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. झाडं लावणं चांगलंच, पण माळढोकाला दूरवर नजर पोचेल असं मोकळं रान लागतं. त्याच्या घरात झाडी दाटली तर ते घर त्याचं राहत नाही. पुढे, २०१० नंतरच्या काही वर्षांत, अभयारण्य कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर पक्षी हातच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज तिथे माळढोक दिसणं ही मोठ्या नशिबाची गोष्ट झाली आहे. साऱ्या देशात ते दीडशेच्या आसपास असावेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे त्यांना विजेच्या तारांचा धोका आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड अंगामुळे चटकन वळताही येत नाही.

मग अभयारण्य आखायचं तरी कसं? वही काढा आणि एक माळ रंगवा. जिथे अंडी घातली जातात, ते गवताचे तुकडे हिरवे. विणीच्या दिवसांत तिथे कुणीही जायचं नाही. त्यांच्या भोवतीची शेतं पिवळी. तिथे ज्वारी, तूर खुशाल पिकू द्या, पण विषारी फवारणी कमी आणि विजेच्या तारा जमिनीखालून. मधल्या चराऊ वाटा तपकिरी. तिथे मेंढ्या कधी न्यायच्या, हे धनगरांशी बसून ठरवायचं. रेघ ओढायची ती हे सगळं झाल्यावर, आधी नव्हे! माणसाला आणि पक्ष्याला दोघांनाही पटेल तीच रेघ टिकते.

कर्नाळ्याचं जंगल वाचवायचं हे आपल्याला चटकन पटतं, कारण ते हिरवंगार असतं. माळ मात्र उजाड दिसतो. म्हणून तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तेव्हा घाट चढून कधी त्या दुसऱ्या कर्जतला गेलात, तर गाडीच्या काचेतून बघून "इथे काहीच नाही" असं म्हणू नका. खाली उतरा, पाच मिनिटं गप्प उभे राहा. आईबाबांनाही उभं करा. मग सांगा, काय काय दिसलं?