उत्तरेचा लांबलेला दिवस

इंग्लंडमधील विद्यापीठांच्या परीक्षा आटोपून जून लागला की तेथील रेल्वेस्थानकांवर एक दृश्य वारंवार दिसू लागते. पुढे मुलगा किंवा मुलगी, हातातल्या मोबाइलवर तिकिटे. चार पावले मागे आई किंवा वडील, साडीवर स्वेटर किंवा सदऱ्यावर नवे जाकीट, आणि नजर सतत त्या पुढच्या पाठीवर. ज्यांनी बोट धरून जत्रा दाखवली, त्यांना सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहायचे असते हे आता मुलांकडून शिकावे लागते. ही अदलाबदल दोन्ही पक्ष हसत स्वीकारतात. पण ती वाटते तितकी सोपी नसते. मुलांना आपले नवे आयुष्य दाखवायचे असते, आणि त्यातले काही झाकायचेही असते.

हातकणंगले तालुक्यातील एका गावाहून लेस्टरला लेकीकडे तीन आठवड्यांसाठी गेलेल्या आईचा प्रवास याच जातीचा होता. मृगाच्या तोंडावर शेत आणि जनावरे सोडून निघणे वडिलांना शक्य नव्हते, म्हणून त्या एकट्याच विमानात बसल्या. मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, तिचे पहिले वर्ष संपत आलेले. आईंचे वय पंचावन्न. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा नियम चौदाव्या वर्षापासूनचा. मुलीनेही दहावीत असताना, गावातील चातुर्मासात, मुनिमहाराजांसमोर तोच नियम घेतलेला.

बॅग भरण्यापासूनच या प्रवासाचे वेगळेपण सुरू झाले. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत; त्यामुळे घरचे तूप आणि पेढे मागे राहिले. बरोबर गेले ते मेतकूट, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे पीठ आणि पाणी गाळण्याची दोन पांढरी फडकी. लेस्टरमधल्या नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असते, हे मुलीने दोनदा सांगून पाहिले. आईंनी मान डोलावली आणि नळाला फडके बांधले. दुकानातला अनुभव आणखी बोलका. वेष्टनावर घटकांची यादी असते, चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक पदार्थांची नावे ठळक अक्षरांत छापलेली असतात. त्यांत तीळ आहे, मोहरी आहे, सेलरीसुद्धा आहे. कांदा, लसूण आणि बटाटा मात्र त्या चौदांत नाहीत. ‘व्हीगन’ असा हिरवा शिक्का असलेले सूप उचलावे, तर बारीक अक्षरांत पहिलाच घटक कांदा. तरीही पाव शतकापूर्वी परदेशी गेलेल्यांनी जे हाल सोसले, त्यांच्या मानाने आजचा प्रवासी सुखी म्हणायला हवा.

लेस्टर हे गाव आईंना अनोळखी वाटले नाही. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या गावी येऊ नका’ असे कळवले होते. लोक आले. आज बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची आणि फरसाणाची दुकाने ओळीने उभी आहेत, आणि दिवाळीला तेथे लोटणारी गर्दी पाहायला दूरदूरची माणसे येतात. इतिहासाने घेतलेला हा सूड म्हणायचा तर मोठा गोड सूड.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटर ही याच लोकांची निर्मिती. मुळात ते एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनागृह. ते विकत घेऊन समाजाने त्याला पांढऱ्या संगमरवराचे दर्शनी रूप दिले, आत कोरीव खांब उभारले, आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. चर्चच्या खिडक्यांत असतात तशा रंगीत काचा येथेही आहेत. मात्र त्यांवर भगवान महावीरांचे जीवनप्रसंग आहेत. दुपारी ऊन तिरपे झाले की निळे-तांबडे कवडसे फरशीवर उतरतात. आई पहिल्या दिवशी त्या कवडशांना वळसा घालून चालल्या. रंगांवर पाय ठेवणे त्यांना जड गेले.

त्यांना सर्वांत अधिक नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद राजचंद्रांचे ज्ञानमंदिर, असे चौघेही एकाच छपराखाली नांदतात. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला दोन पंथांच्या वादापायी १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलूप होते, हे विदर्भात देवदर्शनाला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आईंनी लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत ते कुलूप पाहिले होते. येथे मात्र नैरोबीहून आलेल्या एका वृद्ध गुजराती बाईंनी त्यांना हाताला धरून बसवले. दोघींनी एकत्र जप केला. या ‘ण’ म्हणत होत्या, त्या ‘न’ म्हणत होत्या, आणि माळ दोघींची एकाच वेळी संपली. परदेशात समाज लहान असतो, भाडे आणि वीजबिल मोठे असते, म्हणून तेथे एकी होते, असे कोणी म्हणेल. असेलही. पण बिल वाचवण्यासाठी का होईना, एका दाराने आत जाण्याची सवय लागली, हे थोडे नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोघी लंडनला गेल्या. लेस्टरहून सेंट पँक्रास स्थानक तासा-सव्वातासावर आहे. राजवाडा, नदी, मोठे घड्याळ हे सारे रीतसर पाहून झाले; त्याविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. आई रमल्या त्या साऊथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. प्रवेश विनामूल्य आहे. तेथील संग्रहात मध्य प्रदेशातील ग्यारसपूरची, सुमारे सातव्या शतकातील पार्श्वनाथांची वालुकाश्माची मूर्ती आहे. कमठाचा उपसर्ग चालू आहे, धरणेंद्राने फणा उभारला आहे, आणि भगवान ध्यानस्थ आहेत. चौदाशे वर्षांनंतरही त्या चेहऱ्यावरची शांतता झिजलेली नाही.

आईंनी बूट काढले. दालनाच्या गुळगुळीत जमिनीवर त्या पायमोज्यांवर हात जोडून उभ्या राहिल्या. मुलीने अवघडून आजूबाजूला पाहिले. रखवालदाराने पाहिले आणि मान वळवली. बऱ्याच वेळाने आईंनी विचारले, “ह्यांचा अभिषेक कोण करतं?”

“इथं कुणी करत नाही, आई. हवेतली आर्द्रता मोजतात, उजेड मोजतात. दगडाला काही होऊ नये म्हणून.”

“म्हणजे काळजी घेत्यात,” आई म्हणाल्या, आणि बूट घालायला बाकावर बसल्या. देव म्हणून घडवलेली वस्तू काचेच्या आणि पाटीच्या जगात कशी पाहावी, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या दुपारी मात्र त्या विषयावर एवढेच बोलणे झाले.

प्रवासाचा खरा टप्पा उत्तरेचा. शेफिल्डला गाडी बदलून एडिंबरोपर्यंतचा दिवस खिडकीशीच जातो. डरॅमच्या टेकडीवर अकराव्या शतकाच्या अखेरीस पायाभरणी झालेले कॅथीड्रल उभे दिसते. न्यूकॅसलनंतर उजव्या हाताला समुद्र येतो. बेरिक येथे ट्वीड नदीवरचा अठ्ठावीस कमानींचा पूल लागतो. १८५० साली व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. पूल ओलांडला की थोड्याच मैलांवर स्कॉटलंड. मेंढ्यांची हिरवी कुरणे पाहून आईंनी विचारले, “इथं पेरत न्हाईत काय?” शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला रिकामी हिरवळ पाहवत नाही.

एडिंबरोत उतरल्यावर मात्र त्यांना ओळखीचे काहीतरी भेटले: काळा दगड. किल्ला ज्या कातळावर उभा आहे तो आणि पलीकडची आर्थर्स सीट ही २५१ मीटर उंचीची टेकडी, दोन्ही सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे अवशेष. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण वयाने पुष्कळ लहान, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. मुलीने हे आकडे सांगितले. आईंनी कातळाला हात लावून पाहिला आणि कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगराची आठवण काढली.

संध्याकाळी दोघी कॅल्टन हिलवर चढल्या. तेथे पार्थेनॉनच्या धर्तीवरचे एक स्मारक १८२६ मध्ये बांधायला घेतले आणि तीन वर्षांत पैसे संपल्याने सोडून दिले. बारा खांब तेवढे उभे आहेत. त्या खांबांच्या पायथ्याशी डबा उघडला. नाचणीची भाकरी, मुगाची उसळ. घड्याळात नऊ वाजून गेले होते आणि सूर्य फर्थ ऑफ फोर्थच्या वरच्या अंगाला ठसठशीत उभा होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तेथे सूर्यास्त रात्री दहाला होतो. कोल्हापुरात त्या दिवसांत तो सव्वासातच्या सुमारास होतो. नऊ वाजता उघड्या आकाशाखाली जेवणे, आणि तेही नियम न मोडता, ही गोष्ट आईंना इतकी गंमतशीर वाटली की त्यांनी गावी फोन लावून सांगितली. गावी मध्यरात्र उलटून गेली होती, हे फोन उचलला गेल्यावर त्यांच्या लक्षात आले.

मग हसू ओसरल्यावर त्यांनी सहज विचारले, “आणि थंडीत गं? मार्गशीर्षात?”

“इथं साडेतीनला मावळतो. लेस्टरला चारच्या आत.”

“आणि तुझी प्रयोगशाळा?”

“सहापर्यंत असते.”

आईंनी पुढे काही विचारले नाही. गेल्या हिवाळ्यात रोज रात्री नऊला, भांडी आवरून, त्यांनी मुलीला फोन केला होता. तेव्हा लेस्टरमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असत. “जेवलीस काय वेळेवर?” या प्रश्नाला रोज “हो” असे उत्तर येत होते. वेळ कोणती आणि जेवण कोणते, याचा हिशेब आता त्या टेकडीवर बसून मनाशी लागत होता. मुलगी डब्याचे झाकण पुन्हा पुन्हा लावत राहिली. सूर्य बुडाला तरी उत्तरेकडचा उजेड गेला नाही. दोघी त्याच उजेडात मुक्कामाला परतल्या.

आई, मुलगा, परदेशातील शिक्षण आणि नियम यांची एक जुनी कथा सर्वांना माहीत आहे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी लंडनला निघाले, तेव्हा आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा करवून घेतली. पुतळीबाईंनी स्वतः एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय न जेवण्याचे व्रत धरले होते. सूर्य दिसला की मुले धावत सांगायला येत, आणि त्या बाहेर येईतो तो ढगाआड गेलेला असे. त्या हसून कामाला लागत. लंडनच्या आकाशाखाली हे व्रत कसे निभावले असते कोण जाणे. मुलगा तेथे कसा राहतो हे त्यांना पाहायला मिळाले नाही. १८९१ मध्ये तो परतला तेव्हा त्या हयात नव्हत्या. आजच्या आयांना विमान आहे, व्हिसा आहे, आणि म्हणून टेकडीवर बसून हिशेब लावण्याची वेळही आहे.

परतीच्या गाडीत डरॅमपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. मग आईंनी मुलीचे वेळापत्रक मागून घेतले आणि तिकिटाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली.

“नियम महाराजांपाशी घेतलास. गेला हिवाळा त्यांनाच सांगावा लागंल, गावी येशील तवा. प्रायश्चित्त काय ते त्ये सांगतील. त्यात मी काय बोलू?”

“हो.”

“आता म्होरचं बघू. तीन ते साडेतीन काय असतं?”

“सगळे चहाला जातात.”

“रोज?”

“शुक्रवार सोडून.”

आईंनी ‘शुक्रवार’ असे वेगळे लिहून त्याखाली रेघ मारली. सूर्यास्ताच्या दोन घटिका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, जेवण उरकावे असा घरचा दंडक होता. तो लेस्टरच्या डिसेंबरात बसवायचा तर तीनलाच ताट पुढे हवे होते. त्यांनी अठ्ठेचाळीस मिनिटांवर बराच वेळ पेन टेकवून ठेवले आणि शेवटी तेथे काहीच लिहिले नाही. न्यायाने पाहता नियमाची ती वाढीव पट्टी होती. मूळ रेघ सूर्याची.

शेवटचे तीन दिवस लेस्टरमधल्या भाड्याच्या खोलीत गेले. बेलग्रेव्ह रोडवर ‘जुवार’ या नावाने ज्वारीचे पीठ मिळाले. प्रयोगशाळेत गरम करायला जागा नाही, डबा गार खायचा, तर त्याला कडक भाकरीच हवी. ती महिनाभर टिकते आणि नुसत्या चटणीबरोबर खाता येते. विजेच्या शेगडीवर ती फुलेना. आईंनी तव्यावरून काढून जाळीवर धरली, धूर झाला आणि छतावरचा धुराचा भोंगा ठणाणा करू लागला. शेजारच्या खोलीतली ग्रीक मुलगी धावत आली, खुर्चीवर चढून तिने भोंगा बंद केला, आणि मग तिथेच बसून पहिली भाकरी खाल्ली.

त्यानंतर खिडकी सताड उघडी ठेवून मुलगी थापायला बसली. पहिली भाकरी फाटली, दुसरी एका कडेला जाड झाली. तिसरी बऱ्यापैकी गोल आली. आईंनी ती उन्हात वाळत ठेवलेल्या चळतीत न ठेवता फडक्यात बांधून आपल्या पिशवीत टाकली.

“ती कशाला?”

“तुझ्या वडलांस्नी दाखवाया.”

रात्रीचे साडेआठ वाजले होते. बाहेर अजून तासाभराचे ऊन होते.