सूर्याआधी बंद झालेलं फाटक

जानेवारीतली सकाळ. शाळेचं फाटक सातच्या ठोक्याला बंद झालं आणि आठवीतला एक मुलगा पावणेआठपर्यंत दप्तर पाठीवर घेऊन बाहेर उभा राहिला. उशीर किती, तर चार मिनिटं. रत्नागिरीत त्या दिवसांत सूर्यही सातनंतरच उगवतो. त्याच्या डायरीत कुणी शेरा मारत नाही. मुलगा आमचा होता. शेरा लाल शाईत होता: रात्री वेळेवर झोपवावे.

वर्ष उलटून गेलं तरी तो शेरा अजून डोक्यात आहे. तेरा वर्षांच्या मुलाला दहाला अंथरुणावर घालता येतं, झोपवता येत नाही. तो साडेअकरापर्यंत कूस बदलत राहतो आणि साडेपाचला त्याला गदागदा हलवावं लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मिळतात सहा. घरात पहाटे चारला उठणारी आजी आहे. तिच्या मते ही निव्वळ आळशीपणाची थेरं. पण वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, आणि म्हातारपणी नेमकं उलटं होतं. जेवणानंतरची तासभराची वामकुक्षी आजी हिशेबात धरत नाही, ते वेगळंच.

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेसाठी शाळांच्या वेळा बदलायला सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर कोकणातलेच. निर्णय चांगला, पण अर्धाच. लहान पोरं तशीही लवकर पेंगतात आणि लवकर उठतात. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकते ती वरच्या वर्गांतली मुलं त्यातून वगळली गेली! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये नेमकी याच वयाची बाजू घेतली होती: शाळा साडेआठच्या आधी नको. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू आहे.

त्यात आपण देशाच्या पश्चिम टोकाला. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेळ जपली होती, एकोणचाळीस मिनिटं मागे. रत्नागिरीही जवळपास त्याच रेखांशावर. सूर्याच्या हिशेबाने आमचं सातचं फाटक म्हणजे साधारण सहा-वीसचं. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात सूर्यास्त तासभर उशिरा झाला की मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटलेली दिसली. रात्र उशिरा होते, शाळेची घंटा मात्र थांबत नाही.

हे सगळं शाळेच्या माथी मारताना मध्येच निसर्ग चक्रीवादळ आठवतं आणि जीभ अडखळते. ३ जून २०२० ला दापोली-मंडणगडची दाणादाण उडाली. खांब आडवे, तारा लोळत पडलेल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी दिवेलागणीला कंदील, साडेसातला पिठलं-भात, मोबाइल बंद पडलेले. एरवी एक-एक वाजेपर्यंत स्क्रीनसमोर असलेली पंधरा वर्षांची पुतणी नऊला गाढ झोपलेली असायची आणि न उठवता सहाला मागच्या पडवीत दात घासत उभी असायची. केनेथ राइट या संशोधकाने २०१३ मध्ये कोलोरॅडोत हेच मोजलं होतं. प्रौढ माणसं आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत राहिली, तर त्यांचं शरीर जवळपास दोन तास आधी झोपेच्या तयारीला लागलं.

म्हणजे शेरा मारणाऱ्या बाई अगदीच चुकल्या होत्या असंही नाही. वीज आल्यावर आठवड्याच्या आत पुतणी पुन्हा मध्यरात्रीवर गेली.

तरीही चार मिनिटांसाठी पाऊण तास बाहेर उभं करणं पटत नाही. मोबाइल आम्ही घरात आवरू, सातची घंटा आमच्या हातात नाही. दोन पाळ्यांची इमारत, एसटीची वेळ, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या, शाळांच्या या अडचणी खऱ्या आहेत. पण पालक-शिक्षक सभेत फी आणि गॅदरिंगवर तासभर भांडणाऱ्या पालकांनी एवढं तरी मागून घ्यावं: डिसेंबर ते फेब्रुवारी वरचे वर्ग आठनंतर भरवा.