शेवळांची भाजी

प्रवासांत परक्या हातचें अन्न खावें कीं न खावें, हा वाद आमच्या लहानपणीं घरोघरीं चाले. आमचे वडील वाटेंत घरच्या दशम्यांवांचून दुसऱ्या कशास शिवत नसत. काळ पालटला, सोवळें सैल झालें. तरी परगांवच्या खानावळींत बसतांच मन ओळखीचेंच कांहीं मागूं लागतें. आमच्या या खोडीची गेल्या ज्येष्ठांत चांगलीच परीक्षा झाली.

महडच्या वरदविनायकाच्या दर्शनास आम्ही उभयतां पुण्याहून निघालों. घाट उतरून कर्जतास गाडी बदलली. भोरघाटाचा हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. चढण अशी, कीं ३७ फूट पुढें जावें तों १ फूट वर चढावें. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांस कर्जतास जादा इंजिनें लावितात. तेथून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशीं लहान ठाणीं घेत लोकल खोपोलीस पोंचते. महड तेथून जवळच.

दर्शन झाल्यावर गांवांतील एका घराच्या पडवींत खानावळ दिसली. चार बांकें, भिंतीवर दरपत्रक नाहीं. जें शिजलें असेल तें पानांत. जेवणारे बहुतेक गांवचेच. आम्हीं सवयीनें विचारलें, "बटाट्याची भाजी मिळेल का?"

खानावळीच्या बाई हंसल्या. "काका, बटाटा तुम्हांला घरीं मिळतोच कीं. आज शेवळं केलीत."

नांव ऐकतांच आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीच्या एका रानकंदाचा फुलोरा. पहिल्या पावसाच्या सुमारास, पान फुटण्यापूर्वीं, तो कोंभासारखा जमिनींतून वर येतो. कर्जत-खालापुराकडील ठाकर व कातकरी स्त्रिया तो रानांतून खुडून, जुड्या बांधून बाजारांत आणितात. हंगाम थोड्या आठवड्यांचाच. सुरणास संस्कृतांत 'अर्शोघ्न' म्हणतात, हें आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें. परंतु सुरणाचें हें भावंड घसा कसें धरतें, हें आम्हांस कोशानें शिकविलें नव्हतें.

सुमारें १५ वर्षांपूर्वीं आम्हीं कर्जतच्या बाजारांत शेवळांची जुडी घेतली होती. विकणारीनें तिजबरोबर मूठभर काकडें पुढें केलीं. काकडें म्हणजे आवळ्यासारखीं दिसणारीं आंबट रानफळें. आम्हांस वाटलें, ही भाव वाढविण्याची युक्ति. घासाघीस करून आम्हीं पैसे कमी केले आणि फळें तिच्या पाटींत परत टाकलीं. "ह्याबिगर रांधूं नका," असें ती मागून म्हणाली, तें मनावर घेतलें नाहीं. रात्रीं चार घांसांतच सर्वांचे घसे खाजूं लागले. मातोश्रींस तर पाणीहि गिळवेना. ती रात्र आम्हीं त्यांच्या उशाशीं बसून काढली. पुढें कित्येक वर्षें दोष मात्र त्या बाईस देत आलों.

हें सांगतांच खानावळीच्या बाई म्हणाल्या, "काकड घातलं नव्हतंत ना?" आणि आम्हांस परसांत घेऊन गेल्या. तेथें एक ठाकरीण शेवळें निवडीत बसली होती. वरचें आवरण सोलावें, आंतील पिवळा दाणेदार भाग टाकून द्यावा, उरलेलें बारीक चिरून तेलांत चांगलें परतावें आणि काकडाचा रस घालून शिजवावें. आंबटानें खाज मरते. हातांतील काम न थांबवितां ती म्हणाली, "आम्ही शेवळं नि काकड वेगळं विकतच नाय."

आमचा एक विद्यार्थी जपानांत नोकरीस आहे. तेथील आळींतल्या लहान सुशीच्या दुकानांत जेवणारा 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपविलें', असें म्हणून स्वस्थ बसतो, आणि आचारी त्या दिवशीं जें उत्तम असेल तें पुढें ठेवितो, असें त्यानें एकदां लिहिलें होतें. कच्चा मासा खावयाचा, तर करणाऱ्यावर विश्वास हवाच. आम्हांस मासा वर्ज्य. पण तो शब्द त्या वेळीं आठवला. आम्ही पानावर येऊन बसलों आणि "वाढा" म्हटलें.

तांदळाची भाकरी आणि चण्याची डाळ घालून केलेली शेवळांची भाजी. पहिला घांस आम्हीं भीत भीत गिळला, हें कबूल केलें पाहिजे. चव किंचित् आंबट, सुरणाहून मऊ. घसा मुळींच खाजला नाहीं. आमच्या कुटुंबानें तर दुसऱ्यांदा मागून घेतली.

परततांना कर्जतास गाडीला अवकाश होता, म्हणून बाजारांत गेलों. ती जुनी विकणारी आतां कोठें असेल कोण जाणे. समोर आली असती तरी आम्हीं ओळखिली नसती. एक पोरसवदा मुलगी जुड्या मांडून बसली होती. तिनें सांगितला तो भाव दिला, आणि तिनें काकडांची मूठ पुढें करण्यापूर्वीं आम्हींच ती मागितली.

घरीं पिशवी पाहून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पुन्हां शेवळं?" ठाकरणीनें सांगितल्याप्रमाणें आम्हीं स्वतः बसून तीं निवडलीं. मातोश्री आतां नाहींत. पानें वाढण्यापूर्वीं एक वाटी त्यांच्या तसबिरीपुढें ठेविली, आणि मग सर्व जेवावयास बसलों.