रीटच्या वहीतून

रीट म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारतींच्या मालकीचे छोटे वाटे, म्हणजेच युनिटं, विकणारा ट्रस्ट. एम्बसीचा रीट भारतातला पहिला. एप्रिल 2019 मध्ये 300 रुपये युनिटनं बाजारात आला. मागोमाग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, आणि 2023 मध्ये मॉलवाला नेक्सस. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला जाणाऱ्यालाही आता त्याच पार्काचा इवलासा मालक होता येतं.

*

'यील्ड किती?', म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला किती टक्के हाती येतं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. वाटपयोग्य रोकडीतली किमान 90 टक्के वाटायचीच, हा सेबीचा नियम. म्हणून आकडा गोजिरा दिसतो. वाटपाचं पत्रक मात्र फोडून बघावं. व्याज किती, लाभांश किती, रीटनं इमारतींच्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाची फेड किती? शेवटचा तुकडा येतो बहुधा भाड्यातूनच, पण कराच्या हिशेबात तो आपल्या खरेदीच्या किमतीतून वजा होतो. आज कर वाचला, तरी विकताना नफा तेवढा फुगतो.

*

पीई गुणोत्तर इथे जवळपास निरुपयोगी. घसारा नफा खाऊन टाकतो, इमारत मात्र भाडं देतच राहते. अमेरिकेतल्या नॅरीट या संघटनेनं म्हणूनच 1991 मध्ये एफएफओची, म्हणजे कामकाजातून येणाऱ्या निधीची, व्याख्या ठरवली: नफ्यात घसारा परत मिळवा, मालमत्ता विकून झालेला फायदा काढा. त्यातूनही लिफ्ट, एसी, दर्शनी भागाची डागडुजी वजा केल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

*

एनएव्ही, म्हणजे कर्ज वजा जाता मालमत्तेचं मूल्य, हे मूल्यांकनकाराचं मत आहे, बाजारभाव नव्हे. समजा, खर्च जाऊन वर्षाचं भाडं 100 कोटी. कॅप रेट, म्हणजे या भाड्याचं मालमत्तेच्या किमतीशी प्रमाण, 8 टक्के धरला तर मालमत्ता 1,250 कोटींची. कर्ज 375 कोटी. युनिटधारकांचे उरले 875. आता दर फक्त अर्ध्या टक्क्यानं वाढवा. मालमत्ता साधारण 1,176 कोटींवर, युनिटधारक 801 वर. मालमत्ता 6 टक्के घसरली, आपण 8 टक्क्यांहून जास्त. भाडेकरू एकही हलला नाही! 'एनएव्हीपेक्षा 10 टक्के स्वस्त' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कुठला दर धरून?

*

करार नऊ वर्षांचा, लॉक-इन तीन किंवा पाच वर्षांचा. त्यानंतर नोटीस देऊन भाडेकरू जाऊ शकतो, मालक सहसा त्याला काढू शकत नाही. करारांची सरासरी उरलेली मुदत सादरीकरणात ठळक छापतात. लॉक-इन शोधावं लागतं.

*

सेझमधले, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातले, रिकामे मजले. 31 मार्च 2020 नंतर तिथे नव्यानं येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत संपली आणि भाडेकरूंचा ओढा आटला. डिसेंबर 2023 मध्ये मजलानिहाय सेझमधून बाहेर पडायची मुभा मिळाली. जुनी रिकामी जागा म्हणजे कायमचं नुकसान, असं तेव्हापासून धरत नाही. पण भरण्याआधीच तिचं भाडं मोजतही नाही.

*

मॉलचं गणित वेगळं. ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला टक्का, जे जास्त ते. म्हणून नेक्ससच्या तिमाही आकड्यांत भाड्याआधी मी दुकानांची विक्री पाहते, आणि दिवाळी कुठल्या तिमाहीत पडली तेही.