जुवावरचा भार

साताऱ्याहून सांगलीला जावे ते माघातल्या थंडीत. अजिंक्यतारा मागे पडतो, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम भेटतो आणि पेठ नाक्यावर हमरस्ता सोडून डावीकडे वळले, की दोन्ही अंगांना ऊसच ऊस! ही वाट मी अनेकदा केली. पण पुढे उसाची गाडी आली, की कपाळाला आठ्या घालून हॉर्न वाजवण्यापलीकडे तिच्याकडे कधी पाहिले नव्हते.

गेल्या हंगामात आष्ट्याच्या अलीकडे अशीच एक टायरची बैलगाडी आडवी आली. ऊस दोनेक टन तरी असेल. लहानसा चढ लागला मात्र, गाडी मागे उलाळली. दांडी वर उचलली गेली आणि बैलांच्या गळ्यांना जुपण्यांचा फास बसला. गाडीवान दांडीला लोंबकळला. न राहवून मीही उतरून लोंबकळलो. मराठीच्या प्राध्यापकाचे वजन प्रथमच कुणाच्या उपयोगी पडले! तेवढ्यात कारभारणीने मागच्या आठ-दहा मोळ्या काढून पुढे रचल्या आणि गाडी चढून गेली.

वर पोचताच गाडीवानाने त्यांतल्याच काही मोळ्या पुन्हा मागे टाकल्या. मी चकित झालो.

"आता उतार हाय, साहेब," तो म्हणाला. "वझं पुढं आलं की मानंवर बसतं. मग बैलाचा खांदा येतो. वझं तेवढंच आसतंय. जागा चुकली की जनावराचा जीव जातो."

दोन चाकांच्या गाडीचे सारे शास्त्र त्याने दोन वाक्यांत सांगितले. ओझे आसाच्या किंचित पुढे हवे. फार पुढे गेले तर जू मानेत रुतते, मागे गेले तर गळा आवळतो. ट्रॅक्टरलाही हाच नियम. ट्रॉलीचा भार हुकावर फाजील आला, तर त्याची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. अमेरिकेत मोटारीमागे छोटे फिरते घर जोडणारे लोक जोडणीला पोलादी स्प्रिंगच्या कांबी लावतात. त्या हुकावरचा भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि घराच्या आसावर वाटून देतात.

पण बैलाच्या मानेवरचा भार कोण वाटून घेणार? त्याचे एक उत्तर त्याच वाटेवर, साखराळ्याला मिळाले आहे. तिथल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली, एक तिसरे चाक बसवले. नाव ठेवले 'सारथी'. मानेवर येणारे ओझे ते चाक पेलते. ओढण्याचे कष्ट मात्र बैलांचेच. आणि गाडी उलाळली, तर ते चाकही अधांतरीच राहणार. मोळ्या नीट रचणारे हात हवेतच.

आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण करतात. दिवसभर जू ठेवीत नाहीत, खांद्याला हळद नि तेल चोळतात. लहानपणी मला तो नुसता सण वाटे. आष्ट्याच्या चढावर कळले, ती वर्षातून एकदा मागितलेली क्षमा आहे.

हल्ली उसाच्या गाडीमागे मी हॉर्न वाजवीत नाही. मोळ्या कशा रचल्या आहेत, ते पाहतो.